आरामखुर्ची आणि सहाशे पायऱ्या

आमच्या घरात एक जुनी आरामखुर्ची आहे. सागवानी दांड्यांची, लांब हातांची, मध्ये जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणून बसवलेली. एके काळी अशी खुर्ची पेन्शनरांच्या घरोघरी दिसे. ही खुर्ची १९७१ सालच्या दिवाळीत आम्ही दोघा भावांनी बोनसच्या पैशांतून अण्णांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी, घेतली. पाडव्याच्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावले, धाकट्याने अण्णांना हाताला धरून तिच्यावर बसवले आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अण्णा, आता तुम्ही काही करायचं नाही. खूप केलंत. आता फक्त बसायचं."

अण्णा हसले आणि बसले. आज पन्नासांहून अधिक वर्षांनी ते वाक्य आठवले की मला अजून कानकोंडे होते. का होते, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. पण माझ्या घरची ही गोष्ट एकट्या माझ्या घरची नाही. तिला एक मोठा इतिहास आहे, आणि तो लंडनच्या बसगाडीत, टेक्सासमधल्या पाच तरुणांच्या अंथरुणावर आणि बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात घडलेला आहे. वाचकांनी थोडा धीर धरला तर मी तो क्रमाने सांगेन.

अण्णांचा जन्म १९१२ चा. त्यांचे बालपण औंध संस्थानात गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांचे वेड महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजेसाहेब स्वतः नमस्कार घालीत आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलांकडूनही घालून घेत. त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले, १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. १८६८ साली जन्मलेले राजेसाहेब १९५१ साली, म्हणजे वयाच्या ८३ व्या वर्षात वारले. अण्णांनी हा वसा शाळेत घेतला तो पुढे प्राथमिक शिक्षकाची नोकरी करतानाही सोडला नाही. पहाटे पंचवीस नमस्कार, मग नळावरून दोन जिने चढून चार कळशा पाणी, संध्याकाळी मंडईपर्यंत चालत जाऊन दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. जेवायला पाट. उठताना गुडघ्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

१९७० साली अण्णा निवृत्त झाले आणि आमच्या प्रेमाला भरते आले. पाण्याला पंप बसवला. भाजी मी कचेरीतून येताना आणू लागलो. पाट जाऊन टेबल आले. "या वयात नमस्कार? छातीत काही झालं म्हणजे?" असे शेजारच्या एका गृहस्थांनी म्हटले आणि आईने धसका घेतला. तेही बंद झाले. मुले कर्तीसवरती झाली, की वडिलांच्या हातचे काम काढून घ्यायचे, हीच आपल्याकडे कृतज्ञतेची रीत. कोणाच्या वडिलांच्या हातात पिशवी दिसली तर लोक मुलांना नावे ठेवत. आम्हांला कोणी नावे ठेवली नाहीत.

सात वर्षांत अण्णांचे दंड सैल पडले, पोटऱ्या उतरल्या. आम्ही म्हणालो, वय झाले. १९७८ च्या थंडीत ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडले नव्हते. पण डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणातून न उठण्याचा सल्ला दिला आणि आम्ही तो जिवापाड पाळला. लघवीलासुद्धा उठू दिले नाही. महिन्यानंतर दोघांनी धरून उभे केले तेव्हा अण्णांच्या पायांत पाय उरले नव्हते. त्यानंतर त्यांचे जग म्हणजे पलंग आणि ही खुर्ची. १९८१ साली ते गेले, ६९ व्या वर्षी. दाखल्यावर न्यूमोनिया असे लिहिले होते. तेही खरेच होते म्हणा.

मी स्वतः शहराच्या बससेवेच्या कचेरीत कारकून होतो. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या खाकी गणवेशांचे कापड, शिलाई आणि मापे यांच्या नोंदवह्या कित्येक वर्षे माझ्याकडे होत्या. छाती, कंबर, उंची. एवढे लिहायचे, बेरीज करायची आणि कापडाची मागणी वर पाठवायची. या वह्यांची आठवण मला कधी होण्याचे कारण नव्हते. पण माझी नात फिजिओथेरपी शिकते. दोन वर्षांपूर्वी सुटीत आली असताना तिने पुस्तकातून डोके वर काढून विचारले, "आजोबा, तुम्ही बसवाल्यांच्या कमरेची मापं लिहीत होतात ना? त्याच मापांवरून एका माणसानं केवढा शोध लावला, माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. तिने सांगितले ते ऐकून मी पुढचे काही महिने वाचनात घालवले.

त्या माणसाचे नाव जेरी मॉरिस. जन्म १९१० चा, लिव्हरपूलचा, वाढला ग्लासगोत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात असताना हा डॉक्टर आपल्या हिंदुस्थानातही राहून गेला. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये एक नवेच संकट दिसू लागले होते. क्षयाने, विषमज्वराने माणसे मरायची ती कमी झाली, पण चांगली धडधाकट, कर्ती माणसे हृदयाच्या झटक्याने पटापट जाऊ लागली. कारण कोणालाच उमगत नव्हते. १९४८ साली सरकारी वैद्यक संशोधन मंडळाने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग काढला आणि मॉरिस तेथे कामाला लागले. त्यांना वाटले, माणसाच्या धंद्याचा या रोगाशी काही संबंध आहे का ते पाहावे. म्हणून त्यांनी शाळामास्तर, टपालवाले, बसवाले अशा निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांच्या आजारांची टिपणे जमवायला सुरुवात केली.

सर्वांत आधी हाती आले ते लंडनच्या वाहतूकसेवेचे आकडे. सुमारे ३१ हजार पुरुष, वय ३५ ते ६४. त्यांत एक विलक्षण गोष्ट होती. लंडनची ती प्रसिद्ध लाल दुमजली बस. मुंबईकरांना ती समजावून सांगायला नको, त्यांच्याकडेही दुमजली बस १९३७ सालीच आलेली आहे. या बसवर माणसे दोन. एक ड्रायव्हर, जो पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बैठकीवर बसलेला. दुसरा कंडक्टर, जो तिकिटे देत खाली-वर, खाली-वर करीत दिवसाकाठी सुमारे सहाशे पायऱ्या चढणारा. पगार, घरे, खाणेपिणे, शहराची हवा हे सारे बहुतांशी सारखे. निसर्गाने जणू तराजू मांडून ठेवला होता.

आणि तराजूचे एक पारडे स्पष्ट खाली गेले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तर उशिरा होत होता आणि सौम्य होत होता. ड्रायव्हरांत झटका येऊन लगेच मरण पावणाऱ्यांचे प्रमाण कंडक्टरांच्या दुपटीहून अधिक होते. मॉरिस घाईचा माणूस नव्हता. त्याने टपालखात्याचे आकडे येईपर्यंत थांबायचे ठरवले. तेथेही तोच प्रकार. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारा पोस्टमन आणि खुर्चीत बसून टेलिफोन जोडणारा किंवा कागद लिहिणारा त्याचा बंधू, यांत पोस्टमनचे हृदय अधिक सुरक्षित. १९५३ सालच्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे सारे छापून आले.

आता कोणीही चाणाक्ष वाचक विचारील, की अहो, मुळातच लठ्ठ आणि मंद माणसे ड्रायव्हर होत असतील आणि चपळ माणसे कंडक्टर! मग बसण्याला कशाला दोष देता? हीच शंका मॉरिसलाही होती. तिच्या निरसनासाठी त्याने काय करावे? तो गेला गणवेश पुरवणाऱ्या खात्याकडे आणि त्याने पाटलोणींच्या कमरेची मापे मागून घेतली! नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या असतात, हे त्या मापांवरून खरेच निघाले. १९५६ साली त्याने तेही प्रामाणिकपणे छापले. शंका खरी होती, पण पुरी नव्हती. पुढे त्याच्या मंडळींनी सडपातळ ड्रायव्हर सडपातळ कंडक्टराशेजारी आणि जाडा ड्रायव्हर जाड्या कंडक्टराशेजारी ठेवून पाहिला, तेव्हाही कंडक्टरच सरस ठरला. कंबर कितीही असो, पायऱ्या चढणाऱ्याला पायऱ्यांचे पुण्य मिळत होते.

नातीने हे सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. तशाच वह्या वर्षानुवर्षे माझ्या टेबलावर होत्या. मी त्यांत फक्त कापडाचे वार पाहिले.

मॉरिसची आणखी एक गंमत सांगून पुढे जातो. बसवाल्यांना धंदाच हलवीत होता. पण कचेरीतल्या बाबूंचे काय? १९६८ ते १९७० या काळात त्याने सतरा-अठरा हजार सरकारी नोकरांना सोमवारी सकाळी अचानक कागद देऊन, शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलेत ते लिहा, म्हणून सांगितले. ज्यांनी बागेत जोराने खणणे, भरभर चालणे, पोहणे असे घाम काढणारे काही केले होते, त्यांचा हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश निघाला. नुसते रेंगाळत फिरणाऱ्यांना तेवढा लाभ दिसला नाही. मॉरिसने आपले औषध आपणच घेतले. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ नावाच्या माळावर तो १९६० नंतरच्या काळात धावायला जाई, तेव्हा भला माणूस वेडा झाला असे लोकांना वाटे. हा वेडा २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असता वारला. नव्वदीतही त्याने हालचाल सोडली नव्हती.

पण हे झाले कर्त्या वयाचे. वृद्धांचे काय? माणूस एकदा थकला म्हणजे त्याने बसावे, हा समज केवळ आमच्या घरचा नव्हता. तो फार जुना आणि मोठ्या पुरुषांच्या आधाराचा आहे. आपल्या आयुर्वेदात वाग्भटाने व्यायामाची थोरवी गायिली, पण तो वर्ज्य कोणाला, हे सांगताना बालक आणि अजीर्णाचा रोगी यांच्याबरोबर वृद्धालाही बसवले. त्या काळी व्यायाम म्हणजे अंगमेहनत, मल्लांचे काम, हे लक्षात घेतले पाहिजे. बलवानांनीही तो अर्ध्या शक्तीनेच करावा, असे त्याने सांगितले आहे. उलट सुश्रुताने शरीराला फार पीडा न देणाऱ्या चालण्याचे, चंक्रमणाचे, कौतुक केले आणि त्याने आयुष्य, बल आणि बुद्धी वाढते असे म्हटले. आपण वाग्भटाचा निषेध तेवढा लक्षात ठेवला आणि सुश्रुताचे चालणे विसरलो.

विलायतेतही हेच होते. तेथल्या अनाथ-अपंगांच्या सरकारी आश्रयगृहांना जोडलेल्या रुग्णालयांत शेकडो म्हातारी माणसे वर्षानुवर्षे पलंगावर पडून असत. रोज चादर बदलायची, अन्न भरवायचे आणि मरणाची वाट पाहायची. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातल्या मार्जरी वॉरेन नावाच्या शस्त्रवैद्य बाईंकडे असे सातशेहून अधिक रुग्ण सोपवण्यात आले. बाईंनी एकेकाला तपासले आणि त्यांच्या ध्यानात आले, की यांतले पुष्कळ जण आजारी आहेत म्हणून झोपलेले नाहीत. झोपवून ठेवले आहेत म्हणून आजारी आहेत. त्यांनी भिंतींना उजळ रंग दिले, धरून चालायला कठडे बसवले आणि म्हाताऱ्यांना पलंगावरून खाली उतरवले. वर्षानुवर्षे न उठलेली माणसे चालू लागली, कित्येक घरी गेली. वृद्धवैद्यक ही नवी शाखा इंग्लंडमध्ये उभी राहिली ती या बाईंच्या खटाटोपातून.

१९४७ साली लंडनच्याच रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. विषय होता, अंथरुणात पडण्याचे धोके. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, शिरांत रक्त गोठते, पाठीला जखमा होतात, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडांतला चुना निघून जातो आणि मनाची उमेद मरते, अशी त्यांनी यादीच दिली. अण्णांच्या महिन्याभरात मी त्या यादीतले बहुतेक सारे डोळ्यांनी पाहिले. हा लेख छापला गेला तेव्हा अण्णा ३५ वर्षांचे होते. एकतीस वर्षांनीही तो आमच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचला नव्हता.

मग यावर कोणी म्हणेल, की म्हाताऱ्यांची शक्ती वयानेच जाते, अंथरुणाला कशाला बोल लावावा? याचे उत्तर एका प्रयोगाने दिले. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस गावी विसाच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. तीन आठवड्यांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती पाव हिश्श्याहून अधिक घटली. नंतर व्यायाम करवून ती भरून काढली. येथवर नवल नाही. नवल पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पन्नाशीला आल्यावर पुन्हा तपासले. वजने वाढली होती, केस पिकले होते. पण तीस वर्षांच्या वयाने त्यांची शक्ती जेवढी घटली होती, तिच्यापेक्षा विसाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक घटवली होती! आणि सहा महिने चालणे, हळू धावणे, सायकल असा व्यायाम केल्यावर ते तरुणपणी झोपण्यापूर्वी जेथे होते, तेथे परत आले.

हा मजकूर वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. विशीतल्या पोरांची तीन आठवड्यांत ही गत, तर ६६ वर्षांच्या माणसाला आम्ही चार आठवडे झोपवले. त्या पोरांना नंतर कोणी तरी उठवून पळवले. अण्णांना आम्ही उचलून खुर्चीत ठेवले.

तरी एक शंका उरते. पन्नाशीचे ठीक आहे. अगदी जर्जर झालेल्या माणसाचे काय? त्याचे स्नायू गेले ते गेलेच ना? याचे उत्तर बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मिळाले. मारिया फियातारोने या तरुण डॉक्टरीणबाईंनी तेथल्या दहा जणांना निवडले. वये ८६ ते ९६. एकापेक्षा अधिक दुखणी, कोणी काठीवाले, कोणाला हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. त्यांना बाईंनी हलकीफुलकी कवायत दिली नाही; पायांनी वजने उचलायला लावली, आणि तीही त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगली जड. आठ आठवडे. नऊ जणांनी ते पुरे केले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीच्याही पुढे गेली. मांडीचा स्नायू सरासरी ९ टक्क्यांनी भरला. दोघांनी काठी टाकली. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला. १९९० साली हे प्रसिद्ध झाले. आणि व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकदीचा सुमारे एक-तृतीयांश भाग पुन्हा गेला, हेही बाईंनी लपवले नाही. पुढे १९९४ साली त्यांनी शंभर वृद्धांवर हाच प्रयोग केला, सरासरी वय ८७. ताकद दुपटीहून अधिक वाढली, चालही सुधारली.

म्हणजे स्नायू हा मोठा कृतज्ञ नोकर आहे. नव्वदीतही काम सांगितले तर उभा राहतो, आणि काम सांगितले नाही तर विशीतही निघून जातो.

आपल्याकडे उदाहरणे नव्हती असे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातले शिकवणे आटोपून हिंगण्याच्या झोपडीतल्या आश्रमाकडे चिखल तुडवीत, खांद्यावर सामान घेऊन रोज चालत जात. १९५८ साली त्यांना शंभर वर्षे पुरी झाली आणि त्याच वर्षी भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते १०४ वर्षांचे होऊन गेले. आता एका माणसाच्या उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, आणि अण्णासाहेब चालले म्हणूनच इतके जगले असे मी म्हणणार नाही. पण मला वाटते ते निराळेच. आम्ही त्यांची तसबीर भिंतीवर लावली, हार घातला आणि म्हणालो, ते महर्षी, आपण साधी माणसे. त्यांच्या त्यागाला वंदन केले, पायांकडे पाहिले नाही.

अलीकडे तर वृद्धांचे भविष्य पाहायला शास्त्रज्ञ ज्योतिष्यासारखे साधे साधे ठोकताळे वापरू लागले आहेत. भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या मुठीची पकड मोजण्यात आली. २०१५ साली निष्कर्ष आला, की मृत्यूचा अंदाज बांधायला वरच्या रक्तदाबापेक्षा मुठीची पकड अधिक उपयोगी पडते. आणि ब्राझीलमधल्या क्लॉदियो जील आराऊजो या डॉक्टरांची कसोटी तर थेट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. जमिनीवर बसा आणि उठा. बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, गुडघा जो टेकाल त्याचा एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ जणांना त्यांनी असे बसवले-उठवले आणि काही वर्षे त्यांची विचारपूस ठेवली. ज्यांचे गुण कमी, त्यांत मृत्यू जास्त. हे २०१२ साली छापून आले. ही कसोटी आमच्या घरात दिवसातून दोनदा पाटावर होत असे. टेबल आणले आणि परीक्षाही गेली, अभ्यासही गेला.

पकड किंवा उठणे ही नुसती खूण आहे. मूठ आवळत बसल्याने आयुष्य वाढते, असा तिचा अर्थ नाही. आणि चालण्याने अमरपट्टा मिळतो असेही कोणी म्हणत नाही. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांवर अडीच वर्षांहून अधिक काळ एक कसून परीक्षा झाली. काहींना आरोग्यावर व्याख्याने ऐकवली, काहींना चालवले आणि थोडी ताकदीची, तोलाची कसरत दिली. चालते राहण्याची शक्ती गमावण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात १८ टक्क्यांनी कमी निघाले. लाभ बेताचा, पण खरा. पाव मैल आपल्या पायांनी चालता येणे म्हणजे काय, ते ज्याचे गेले आहे त्याला विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जो सल्ला दिला, तो पासष्टीपुढच्यांनाही सूट देत नाही. आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल, आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा व्यायाम. ज्याला जेवढे झेपेल तेवढे, दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून, हे आलेच. ज्याचे हाड मोडले आहे त्याला विश्रांती हवीच. पण विश्रांती हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. आम्ही ते अन्नासारखे पोटभर वाढले.

आता पुन्हा खुर्चीकडे येतो. यंदा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ती जुनी खुर्ची काढून टाकू. बोनस आलाय. पाय लांब करता येतात तशी गुबगुबीत खुर्ची येते, ती घेऊ. आता तुम्ही आराम करायचा." मी ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या तोंडावर तेच प्रेम होते, जे १९७१ साली माझ्या तोंडावर असणार. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. मुलाचे मन मोडू नये म्हणून बसले. मलाही क्षणभर तसेच वाटले. मग मी त्याला म्हणालो, "खुर्ची नको. मला मंडईची पिशवी परत दे."

त्याला वाईट वाटले. सुनेने विचारले, "लोक काय म्हणतील?" नातीने मात्र कपाटातून कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजोबा, जाताना भरभर. येताना ओझं दोन्ही हातांत सारखं." त्या दिवसापासून भाजी मी आणतो. परतताना जिना चढतो, छत्तीस पायऱ्या. सहाशे नव्हेत. पण मी कंडक्टर नाही, कारकून आहे.

नातीने मला आराऊजोंच्या कसोटीलाही बसवले. एक हात आणि एक गुडघा टेकला. उठताना दोन गुण गेले. ती म्हणाली, "दहापैकी आठ. पहिल्या वर्गात पास." अण्णा निवृत्तीच्या दिवशी पाटावरून उठले होते, ते मला स्पष्ट आठवते. त्यांचे दहाचे दहा होते.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला तुमच्या घरीही कोणी आजी, कोणी आजोबा, कोणी अण्णा असतील. त्यांच्या पायाशी वाकून नमस्कार कराल तेव्हा त्या पायांकडे जरा नीट पाहा. पणत्या लावायला त्यांना अंगणात येऊ द्या. डबा वरच्या फळीवरून त्यांना काढू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा म्हणजे झाले. ती जुनी आरामखुर्ची मी टाकून दिलेली नाही. ती दाराशी ठेवली आहे. बाहेर जाताना तिच्यावर टेकून मी चपला घालतो, आणि उठतो.